कितवा नंबर आला?



मे महिना संपत आला की आमच्या घरचा फोन सारखा वाजतो. कधी अश्दोदहून बहीण असते, कधी ठाण्याहून भाचा असतो, कधी लंडनचे जुने शेजारी असतात. तब्येतीची चौकशी होते, हवापाण्याचं बोलणं होतं आणि मग हळूच प्रश्न येतो, "काय, नातीचा कितवा नंबर आला?"

आमची नात पॅराग्लायडिंगच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत भाग घेते. नोकरी सांभाळून घेते, स्वतःच्या पैशानं घेते, आणि आजवर तिचा सांगण्यासारखा नंबर कधी आलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काही चमत्कार होईल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको. हा लेख जिंकण्याबद्दल नाही. नंबर न येण्याबद्दल आहे, आणि तो न आल्यावर घरच्यांनी काय करावं आणि काय करू नये याबद्दल आहे. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी कार्डिफहून गाडी घेऊन निघतो, ती ज्या शेतात उतरली असेल तिथून तिला उचलतो आणि घरी आणतो. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क आम्हाला आहे, असं आम्ही समजतो.

ही शर्यत असते तरी कशी?

बालमित्रांनो, पॅराग्लायडर म्हणजे कापडाचा पंख. त्याला लाकडी सांगाडा नाही, लोखंड नाही, इंजिन नाही. डोंगराच्या उतारावर तो पसरायचा, वाऱ्याच्या जोरावर डोक्यावर उचलायचा आणि उताराकडे चार पावलं पळायचं. पाय सुटले की तुम्ही हवेत! बसायला खुर्चीसारखा हार्नेस असतो, आणि त्यात अडीअडचणीसाठी एक जादा पॅराशूट असतं. हे सगळं सामान पाठीवरच्या एका मोठ्या पिशवीत मावतं.

मग हवेत राहायचं कसं? ऊन पडलं की जमीन तापते. नांगरलेलं शेत, खडक, गावातली छपरं लवकर तापतात. ओलं गवत आणि पाणी सावकाश तापतं. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. तिला थर्मल म्हणतात. कोकणात आपण घार बघायचो, पंख न हलवता गोल गोल फिरत वर जाणारी. ती याच हवेत फिरते. इथं वेल्समध्ये लाल घारी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये त्यांची मोजकीच जोडपी उरली होती आणि तीही मध्य वेल्समध्ये. आता त्या पुष्कळ झाल्या आहेत. घार जिथं चढताना दिसते तिकडे पायलट वळतो. एवढी विश्वासू वाटाडी दुसरी नाही.

वर जाता जाता हवा थंड होते, तिच्यातली वाफ जमते आणि कापसासारखा ढग तयार होतो. त्या ढगाच्या पोटाजवळ जायचं, मग पुढच्या ढगाकडे सरळ घसरत सुटायचं. शांत हवेत एक किलोमीटर उंची खर्च केली तर साधारण नऊ-दहा किलोमीटर पुढे जाता येतं. तेवढ्यात नवा थर्मल सापडला तर प्रवास चालू. नाही सापडला तर खाली जे शेत येईल ते आपलं!

शर्यतीच्या दिवशी सकाळी हवामान बघून रस्ता ठरवतात. सुरुवात कुठून, कुठल्या गावावरून वळायचं, शेवट कुठं. वळणाच्या जागा म्हणजे नकाशावर काढलेली गोल वर्तुळं. प्रत्येकाजवळ उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र असतं, ते तुम्ही वर्तुळात शिरलात की नाही याची नोंद ठेवतं. तिथं "मी गेलो होतो हो!" चालत नाही. दिवसाला जास्तीत जास्त १००० गुण. किती अंतर कापलं, किती वेळात कापलं, पुढे राहून वाट कुणी काढली, याचे गुण मिळतात. शेवटच्या रेषेला गोल म्हणतात. गोलच्या अलीकडे उतरलात तर मुख्यतः अंतराच्याच गुणांवर समाधान मानायचं. अवघड दिवशी एकही जण गोलला पोचत नाही, असंही होतं. आणि टेकऑफच्या खालीच उतरलात तर त्याला म्हणतात 'बॉम्ब आऊट'. नाव ऐकून आमच्या पोटात गोळा आला होता, पण त्यात बॉम्ब नसतो. फक्त तुम्ही खाली शेतात उभे आणि बाकीचे डोक्यावरून निघून चाललेले.

तो आठवडा

कार्डिफच्या उत्तरेला गाडीनं तासाभरात डोंगर लागतात. ॲबरगॅव्हेनी गावाभोवती ब्लॉरेंज, शुगर लोफ, स्किरिड अशी शिखरं उभी आहेत. उंची पाचशे-सहाशे मीटरच्या घरात, म्हणजे सह्याद्रीपुढे लहानच. पण एप्रिल ते जून थंड हवेत कडक ऊन पडलं की इथून उडालेला पायलट वाऱ्याबरोबर सीमा ओलांडून इंग्लंडात हेरफर्डपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो. दक्षिणेकडून समुद्राचं थंड वारं आत शिरलं, की मात्र थर्मल विझतात आणि सगळे खाली बसतात.

मागच्या वर्षी मे अखेरीस तिची सहा दिवसांची स्पर्धा होती, मंगळवार ते रविवार. अठ्ठ्याहत्तर पायलट. बुधवार-गुरुवार पावसानं नेले. उरले चार दिवस.

मंगळवारी ती बॉम्ब आऊट झाली. पुढचा घोळका निघाला म्हणून तीही घाईनं निघाली. पुरेशी उंची नव्हती, वर ढगाची सावली आली आणि चार किलोमीटरवर मेंढरांच्या कुरणात उतरली. आम्ही पोचलो तेव्हा पंखाची घडी घालत होती. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी ती छान उडाली. सीमेवरच्या डोंगरावरून निघून चाळीस किलोमीटर गेली, लेडबरी गावाच्या अलीकडे सफरचंदाच्या बागेशेजारी उतरली. शर्यतीतलं तिचं सगळ्यात लांबचं उड्डाण. आम्ही घरी स्क्रीनवर तिचा ठिपका बघत होतो. हल्ली पायलटजवळच्या ट्रॅकरमुळे तो घरबसल्या दिसतो. ठिपका थांबला, "नीट उतरले" असा निरोप आला, आणि आम्ही पिशवी उचलून निघालो. चपातीत गुंडाळलेली अंड्याची भुर्जी, थर्मासात चहा. मे अखेरीस इथं सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, म्हणून बरं. शब्बाथचे दिवे लावायच्या आत तिघंही घरी पोचलो.

शनिवारी ती उडाली नाही. आम्ही तिला तसं कधी सांगितलं नव्हतं. आपलं आपण तिनं ठरवलेलं आहे की शब्बाथला पंख उघडायचा नाही. आणि आठवड्यातला सगळ्यात सुंदर दिवस नेमका तो निघाला! सिनेगॉगमधून बाहेर आलो तर आकाशात पांढऱ्या ढगांच्या ओळी. ती मान वर करून बघत राहिली, बोलली काही नाही. त्या दिवशीचे गुण, शून्य.

इथं हिशेबाची एक गोष्ट सांगायला हवी. या स्पर्धेत प्रत्येकाला आपला वाईट निकाल ठरावीक प्रमाणात वगळायची सवलत असते. चार दिवस उडता आलं तर साधारण एका दिवसाची. इतरांनी आपला सगळ्यात वाईट दिवस त्यात टाकला. आमच्या नातीची सवलत शब्बाथनं खाल्ली. त्यामुळे मंगळवारचे चार किलोमीटर जसेच्या तसे निकालात राहिले.

रविवारी दुपारी ती बावीस किलोमीटरवर होती, ढगाच्या पोटाजवळ. बरोबर आणखी तिघं. रस्ता सरळ एका मोठ्या ढगाखालून जात होता. ढग उंच वाढत होता, खालून काळा पडत चालला होता, आणि गोल न फिरता नुसतं सरळ जातानाही हवा तिला वर ओढत होती. तिनं दिशा बदलली, ढगापासून दूर गेली, उंची घालवली आणि उतरली. एक जण तिच्यासारखाच उतरला. बाकीचे दोघं पुढे गेले.

ते दोघं गोलला पोचले. त्यांना काही झालं नाही. ढग पुढे विरून गेला, पाऊससुद्धा पडला नाही.

निकाल लागला. अठ्ठ्याहत्तरांत चौसष्टावी.

परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मॉनमथ मागे पडल्यावर ती म्हणाली, "आजोबा, मी विचार करून उतरले की घाबरून उतरले, हेच मला कळत नाही." आणि घरी आल्यावर पिशवी कपाटात कोंबत म्हणाली, "विकून टाकते हे सगळं."

आमच्या चुका

आता तिच्या चुका बाजूला ठेवून आमच्या सांगतो, कारण त्या वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या ओळखीच्या निघतील.

पहिली चूक, आम्ही सगळीकडे सांगून बसलो होतो. अश्दोदला सांगितलं, ठाण्याला सांगितलं, शेजारच्या वेल्श आजींना सांगितलं. शर्यत एकटीची आणि निकाल मात्र सगळ्या नातेवाइकांचा! तिला हरल्याचं दुःख एकदा झालं आणि आता सगळ्यांना काय सांगायचं याचं दुःख दहादा झालं.

दुसरी चूक, आम्ही फार लवकर समजूत घालायला गेलो. "जाऊ दे गं, पुढच्या वेळी होईल" हे वाक्य आमच्या तोंडून त्या आठवड्यात किती वेळा गेलं असेल! ते ऐकून तिला वाटायचं, यांना काय झालं तेच समजलेलं नाही. मंगळवारी कुरणात तिला समजूत नको होती. तिला चहा हवा होता आणि पंखाची घडी घालताना दुसरं टोक धरणारं माणूस हवं होतं.

तिसरी चूक आमच्यातल्या एकीनं केली. कुणी ते ओळखा! "पोरगी पहिल्या तिसांत आली तर एलियाहू हन्नबीचा मलिदा करीन," असा नवस बोलला. नातीला तो कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आजी, मी चौसष्टावी आले म्हणून एलियाहू हन्नबी आपल्यावर रागावला का?"

याला उत्तर आमच्याजवळ नव्हतं.

ढगाची गोष्ट

तो ढग खरोखर किती धोक्याचा होता? याचं उत्तर हवं असेल तर २००७ सालची ऑस्ट्रेलियातली गोष्ट माहीत पाहिजे. न्यू साउथ वेल्समधल्या मॅनिला गावी पॅराग्लायडिंगची जागतिक स्पर्धा भरणार होती. त्याआधी सरावाच्या उड्डाणात, १४ फेब्रुवारीला, जर्मनीकडून उडणारी एवा विश्निएर्स्का वादळी ढगात ओढली गेली. ढगानं तिला ९,९४६ मीटर उंचीवर नेलं, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर! ती बेशुद्ध पडली, अंगावर बर्फ साचलं, आणि पंख तिला घेऊन तसाच फिरत राहिला. खाली येता येता ती शुद्धीवर आली आणि वाचली. त्याच वादळात सापडलेला चीनचा हे झोंगपिन मात्र वाचला नाही.

दोघंही कसलेले पायलट होते. ढगाला कौशल्य दिसत नाही. बाहेर पडायचं ते तो वाढत असताना, सुखानं बाहेर पडता येत असताना. उशीर झाला की मग काही आपल्या हातात राहात नाही.

आणि हेही ऐका. त्याच मॅनिलाच्या स्पर्धेत जगज्जेता झाला ब्रिटनचा ब्रूस गोल्डस्मिथ. स्वतः ग्लायडरची रचना करणारा हा माणूस, अनेक वर्षं स्पर्धांमध्ये उडाल्यावर तो मान त्याला मिळाला. अनेक वर्षं स्पर्धांत टिकायचं तर आधी अनेक वर्षं नीट उतरावं लागतं.

हे सगळं आम्ही नातीला सांगायला गेलो नाही, बरं का. तिला ते आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आम्हीच ते नव्यानं शिकलो.

वहीतली चार पानं

पिशवी विकायची जाहिरात तिनं दिली नाही. गुरुवारी संध्याकाळी ती वही आणि यंत्रातल्या नोंदी घेऊन आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तिचा एक नियम आहे. निकाल लागल्यावर दोन-तीन दिवस कसलाच निर्णय घ्यायचा नाही. झोपायचं, जेवायचं, मग बसायचं. प्रत्येक उड्डाणाला एक पान, आणि पानावर तीन रकाने. तेव्हा मला काय दिसत होतं, मी काय ठरवलं, आणि शेवट काय झाला. गंमत अशी की शेवटचा रकाना ती झाकून ठेवते आणि आधी पहिले दोन वाचते.

मंगळवार : उंची कमी होती, पुढे सावली दिसत होती, तरी दुसरे निघाले म्हणून निघाले. ही खरी चूक. तिनं त्याच डोंगरावर वीस मिनिटं थांबून मग गोलला पोचलेल्या एका पायलटच्या नोंदी शेजारी ठेवून बघितल्या. थांबणं हेच तिथलं कौशल्य होतं. इथं शिकायला भरपूर आहे.

शुक्रवार : सगळं नीट केलं, समुद्राचं वारं आत आलं आणि उतरावं लागलं. निकालात तो दिवस मधल्या फळीत दिसतो. वहीत तो तिचा आजवरचा सगळ्यात चांगला दिवस आहे.

शनिवार : उडाले नाही. या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही मात्र त्यावर खूप वेळ बोललो. कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. हे नाव आपण अभिमानानं सांगतो. पण त्या शनिवारी जे तेल निघालं नाही ते गेलंच. त्याची भरपाई कुणी दिली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. आपण ठरवून दिलेल्या किमतीला नुकसान म्हणू नये.

रविवार : ढग उंच होत होता, खालून काळा होता, हवा न मागता वर ओढत होती. ठरवलं, बाहेर पडायचं. मग तिनं तिसरा रकाना उघडला. इतर दोघं गोलला पोचले. ती म्हणाली, "आजी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असणं शक्यही नव्हतं. मी घाबरले होते हे खरं आहे. पण घाबरण्यासारखंच होतं."

तेव्हा आमच्या लक्षात आलं की चौसष्ट हा आकडा एकच आहे, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक चूक, एक चांगलं काम, एक राजीखुशीनं दिलेली किंमत, आणि एक बरोबर निर्णय ज्याचं फळ मिळालं नाही. निकालाचा कागद या चारी गोष्टी एकत्र करून एक बेरीज मांडतो. त्याचा दोष नाही, त्याचं काम तेवढंच. पण बेरजेकडे बघून रडत बसलं तर चूक सुधारायची राहते, आणि बरोबर निर्णयाचीच लाज वाटायला लागते. पुढच्या वेळी ढगाखालून जावंसं वाटू लागतं. या खेळात खरा धोका तो आहे.

बालमित्रांनो, प्रगतिपुस्तकातला आकडाही असाच असतो. अभ्यास केला नाही म्हणून गेलेला मार्क वेगळा, ताप आला म्हणून गेलेला वेगळा, आणि शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलो नाही म्हणून गेलेला तर अगदीच वेगळा. आई-बाबांना तिन्ही एकत्र दाखवू नका, सुटे करून दाखवा! आणि आमच्या वयाच्या वाचकांनो, आपण सगळे मुंबई, पुणं, अलिबाग सोडून आलो. कुणाचा जम बसला, कुणाचा नाही. आपल्या आयुष्याचीही अशी चार पानं करून बघायला हरकत नाही.

ब्लॉरेंजवरचा घोडा

पंधरा दिवसांनी एका रविवारी ती म्हणाली, "चला, ब्लॉरेंजवर." या डोंगराची गंमत अशी की १९९८ साली तो साउथ ईस्ट वेल्सच्या हँगग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंग क्लबनं विकत घेतला. वरच्या गाडीतळाचं नाव आहे फॉक्सहंटर, आणि तिथून चार पावलांवर फॉक्सहंटर या घोड्याची समाधी आहे.

हा घोडा सर हॅरी लुएलिन यांचा. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला शेवटच्या दिवसापर्यंत एकही सुवर्णपदक मिळालेलं नव्हतं. शेवटचा दिवस घोड्यांच्या अडथळ्यांच्या उड्यांचा. सकाळच्या फेरीत लुएलिन आणि फॉक्सहंटर यांचं गणित साफ चुकलं, १६.७५ दोष नोंदले गेले. संघ मागे पडला. दुपारी दुसरी फेरी झाली. त्यात त्याच घोड्यानं, त्याच स्वारानं, एकही अडथळा न पाडता फेरी पूर्ण केली. विल्फ व्हाइट आणि डग्लस स्ट्युअर्ट यांच्यासह ब्रिटनच्या संघाला सुवर्णपदक मिळालं. त्या ऑलिंपिकमधलं ब्रिटनचं ते एकमेव सुवर्णपदक.

ही गोष्ट नेहमी इथंच संपवतात. पण तिचा एक भाग राहून जातो. सकाळचे दोष पुसले गेले नाहीत. ते लुएलिन यांच्या नावावर राहिले आणि वैयक्तिक पदक त्यांना मिळालं नाही. दुपार चांगली गेली म्हणून सकाळ बदलली नाही. सकाळ वाईट गेली म्हणून दुपारही वाया गेली नाही. एवढंच. फॉक्सहंटर १९५९ साली गेला. १९९९ साली लुएलिन गेले, तेव्हा त्यांची रक्षाही याच डोंगरावर विखुरली.

नातीनं त्या दगडावर हात ठेवला, पिशवी पाठीवर मारली आणि टेकऑफकडे निघाली. त्या दिवशी शर्यत नव्हती. ती तासभर नुसतीच उडाली, एका लाल घारीच्या मागं मागं. खाली आम्ही दोघं घडीच्या खुर्च्यांवर बसून चहा प्यालो.

आणि मलिदा?

मलिदा केला! नवस फिटला नव्हता, तरी केला. अलिबागजवळच्या खंडाळे गावच्या खडकावर एलियाहू हन्नबीच्या रथाच्या खुणा आहेत, तिथूनच तो आकाशात गेला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आकाशात जाणाऱ्याची काळजी काय असते हे त्याच्याइतकं कुणाला कळणार! तेव्हा त्याला आम्ही सांगितलं, नंबराचा नवस आमचा चुकला. पोरगी तीन वेळा वर गेली आणि तिन्ही वेळा आपल्या पायांवर खाली उतरली, त्याचा हा मलिदा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, पाच फळं. नातीनं दोनदा घेतला.

शब्बाथ नुकताच संपला होता. तेवढ्यात फोन वाजला. अश्दोदची बहीण. तब्येत झाली, हवापाणी झालं आणि तिनं विचारलंच, "अगं, पोरीचा कितवा नंबर आला ते सांगितलंच नाहीस!"

आम्ही म्हटलं, "चौसष्टावा. पण थांब, फोन तिलाच देतो. चार दिवसांच्या चार गोष्टी आहेत, तुला वेळ आहे ना?"

वेळ होता. पाऊण तास बोलत होत्या दोघी.

येत्या मे महिन्यात ती पुन्हा उडणार आहे. आम्ही गाडीत पेट्रोल भरून ठेवू. तुम्ही फोन जरूर करा. फक्त पहिला प्रश्न, "नीट उतरली ना?" एवढाच विचारा. नंबराचं नंतर बघू.